मुलगा कीव्हमध्ये होता

बाबा, परवा धाकट्याचा फोन आला होता. दरवर्षी एकदा तो रक्त तपासून घेतो आणि रिपोर्ट मला फोनवर वाचून दाखवतो. मी उभा जन्म हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काढला हे एक कारण, आणि ही सवय तुम्ही लावून गेलात हे खरं कारण. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स, सगळं पाढे म्हटल्यासारखं एका दमात म्हणतो. यंदाही सगळं ठीक आहे. साठी उलटली, पोट सुटलं, गुडघे कुरकुरतात, साखर जरा वर आहे, पण ज्या रोगाची तुम्ही वाट पाहत होतात तो काही आला नाही. "ताई, अजून धडधाकट आहे मी," म्हणाला आणि हसला. मग रायपूरच्या फ्लॅटमध्ये एकट्यापुरतं आज काय शिजवलं ते सांगितलं. मुगाची खिचडी. फोन ठेवला आणि मला तुमचा इतका राग आला की हातातलं काम टाकून लिहायला बसले. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

तुमचं आणि रशियाचं नातं आम्हा दोघा भावंडांना लहानपणापासून तोंडपाठ होतं. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हा तुम्हाला वर्षभर तिकडं शिकायला पाठवलं होतं. गाव युक्रेनमधलं, पण तेव्हा आपल्या लेखी ते सगळं रशियाच. तिथल्या भट्टीवरच्या उस्तादाबद्दल तुम्ही जेवताना सांगायचात, विशेषतः आमच्यापैकी कुणी पानात टाकलं की. बर्फात तुमचे बूट फाटले तेव्हा त्यानं स्वतःचे लोकरीचे जाड बूट काढून तुम्हाला दिले आणि स्वतः पायाला चिंध्या गुंडाळून घरी गेला. त्याच्या घरी लढाईच्या दिवसांत एक मुलगी उपाशी मेली होती. तरी तुम्ही जेवायला गेलात की पावाचा पहिला तुकडा त्याची बायको तुमच्या पुढ्यात ठेवायची आणि तुम्ही तो संपवेपर्यंत कुणी हात लावायचं नाही. "ज्याचं मीठ खाल्लं त्याला जागावं," एवढं म्हणून तुम्ही थांबायचात आणि आम्ही पानातलं सगळं गिळायचो. आई म्हणायची, "दुसऱ्यांच्या घरात पाटावर देव असतात, आपल्याकडं रशिया आहे." प्रवासाला निघताना घरातल्या सगळ्यांनी सामानाजवळ मिनिटभर गप्प बसायचं, हीही तिकडचीच रीत. लग्न होईपर्यंत मला ती आपल्या मराठी माणसांची रीत वाटायची. सासरी पहिल्यांदा निघताना मी ट्रंकेवर बसले तर सासूबाईंना वाटलं मला चक्कर आली.

तेव्हा धाकट्याला कीव्हमध्ये डॉक्टरकीची शिष्यवृत्ती मिळाली त्या दिवशी तुमचा चेहरा कसा झाला होता ते मी सांगायला नको. आई नुकतीच गेली होती. मी लग्न करून ओहायोत आले होते. एक मूल अमेरिकेत आणि एक तिकडं, यावर कॉलनीतले लोक तुमची थट्टा करायचे, आणि तुम्ही म्हणायचात की मुलगी नवऱ्यामागे गेली, मुलगा आपल्या माणसांत गेला. हे मला पत्रातून कळवायलाही तुम्हाला काही वाटलं नव्हतं.

शहाऐंशीच्या एप्रिलमध्ये माझी मुलगी झाली आणि आईच्या जागी तुम्ही आलात. बाळंतपणाला बाप आला म्हणून कोलंबसमधल्या आमच्या मराठी बायकांना आधी हसू आलं, मग हेवा वाटला. अळीव, डिंक, खारीक, सगळं तुम्ही बॅगेत घालून आणलं होतं. कोणत्या मावशीनं काय सांगितलं ते तुम्ही डोक्यात नीट साठवून आणलं होतं, तरी लाडू असे झाले की यांनी पहिला लाडू दाताखाली धरला आणि म्हणाले, "बाबा, हे भट्टीतून काढलेत का?" तुम्ही हसला नाहीत. पाक पुढं गेला, एवढंच म्हणालात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा केले. सकाळी तुम्ही बाळाच्या अंगाला तेल लावताय, बाहेर अजून झाडांना पानं नाहीत, खिडकीवर वाफ धरलीय, आणि तुम्ही तिच्याशी चक्क रशियनमध्ये बोलताय. मी पलंगावरून पाहते आहे. आई गेल्यावर मी तुम्हाला एवढं सुखात पाहिलं नव्हतं.

शेजारच्या अपार्टमेंटमधले काका कीव्हचेच, हा योगायोग तुम्हाला देवानं घडवल्यासारखा वाटला असता, देव मानला असतात तर. ते ज्यू. तिकडं पुलांचे इंजिनिअर होते, देश सोडायची परवानगी मागितली म्हणून नोकरी गेली, मग काही वर्षं बॉयलरच्या खोलीत कोळसा ढकलला आणि शेवटी इकडं येऊन शाळेची बस चालवत होते. म्हातारी आई मात्र कीव्हमध्येच राहिली होती. ते दुपारी आपल्याकडं यायचे. त्यांना चहाबरोबर चमचाभर जॅम लागायचा, तुम्ही मोरावळा द्यायचात, आणि ते तो चाटून चाटून खायचे. बुद्धिबळाचा पट मांडून तुम्ही दोघं भांडायचात. तुमच्या लेखी ते आईचं दूध विसरलेले, त्यांच्या लेखी तुम्ही पाहुणा म्हणून एकदा जेवून आलेले. "पाहुण्याला पहिला तुकडा देतात," ते एकदा म्हणाले होते, "पण घरात काय शिजतं ते पाहुण्याला दाखवत नाहीत." हे तुम्हीच मला मराठी करून सांगितलंत, आणि म्हणालात, माणूस कडवट आहे पण खेळतो बरा.

मग ती बातमी आली. मॉस्कोनं चार ओळी सांगितल्या की चेर्नोबिलच्या अणुभट्टीत अपघात झाला आहे आणि उपाय चालू आहेत. इकडच्या टीव्हीवर मात्र दिवसभर नुसता कल्लोळ. हजारो मेले, प्रेतं पुरायला जागा नाही, असं कुणी तिसऱ्याच्या हवाल्यानं सांगत होतं. नकाशावर तो लाल ठिपका आणि त्याच्या खाली कीव्ह, बोटभर अंतरावर. मी बाळाला छातीशी धरून टीव्हीपुढून हलत नव्हते आणि तुम्ही स्वयंपाकघरातून ओरडत होतात, "बंद कर तो तमाशा. हे लोक वाटच बघत असतात." गंमत म्हणजे तुमचं अर्धं खरं निघालं. ते हजारो मेल्याचं खोटंच होतं. इकडं खोटं बोलत होते, तिकडं काही बोलतच नव्हते, आणि मधे आपला धाकटा.

त्या दिवशी शेजारच्या काकांनी मोरावळ्याला हात लावला नाही. त्यांनी तुम्हाला सांगितलं, आणि समोरच मी होते म्हणून मोडक्या इंग्रजीत मलाही सांगितलं, की टीव्हीच्या बोलण्यावर जाऊ नका, पण मॉस्को चार ओळी बोललं याचा अर्थ लपवायला बरंच आहे. तिकडं वाढलेल्या माणसाला हे कळतं. "मुलाला फोन लागला की फक्त एक विचारा. पार्टीच्या साहेबांची बायकामुलं शहरात आहेत की स्टेशनवर? ती जर निघाली असतील तर त्यालाही म्हणावं, नीघ. फोनवर उघड बोलता येणार नाही. म्हणावं, आत्या आजारी आहे, ताबडतोब ये." त्यांना स्वतःला आईला फोन करता येत नव्हता. परदेशात पळालेल्या मुलाचा फोन आला तर म्हातारीला त्रास झाला असता. हे सांगताना त्यांचे हात पटावरच्या प्याद्यांशी चाळा करत होते, आणि तुम्ही म्हणालात, "माझी एकुलती एक बहीण ठणठणीत आहे. तिच्या नावानं मी खोटं कशाला बोलू?"

तेव्हा रशियाला फोन म्हणजे आधी ऑपरेटरकडे नोंदवायचा आणि मग तासन्‌तास वाट बघायची. एक मेच्या आदल्या दिवशी लागला. हॉस्टेलच्या दाराशी एकच फोन होता, धाकट्याला हाका मारून आणावं लागलं. तुम्ही उभ्यानं बोललात. तो इतक्या मोठ्यांदा बोलत होता की शेजारी उभ्या असलेल्या मला सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, ताई बरी आहे ना? बाळ कसं आहे?"

"दोघी छान. तू जेवतोस ना वेळेवर?"

"हो. बाबा, इथं मुलं काहीबाही बोलताहेत. आमच्यातले दोघंतिघं दिल्लीचं तिकीट बघताहेत. वॉर्डन म्हणतात काही झालेलं नाही. बाबा, मी काय करू?"

मी हातानं खुणा करत होते, 'ये म्हणा, ये म्हणा'. तुम्ही माझ्याकडं पाठ केलीत.

"शिक्षण अर्धवट टाकून पळायचं नाही," तुम्ही म्हणालात. "ज्यांनी फुकट शिकवलं त्यांच्या अडचणीत पाठ दाखवायची नाही. उद्या एक मे. मिरवणूक आहे ना तुमची? जा, पुढच्या रांगेत उभा राहा."

"बरं बाबा," तो म्हणाला.

मी रिसीव्हर ओढला तोवर लाइन गेली होती. मी तुमच्यावर ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा. "बाबा, तो विचारत होता तुम्हाला! तुम्ही ये म्हणाला असतात तर आला असता!" बाळ रडायला लागलं. तुम्ही म्हणालात की बाळंतिणीनं एवढं ओरडू नये, दूध आटतं. आणि खीर ढवळायला गेलात.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर कीव्हची मिरवणूक थोडीशी दाखवली. पांढऱ्या शर्टातली मुलं, हातात कागदी फुलं, ऊन, बँड. तुम्ही टीव्हीला नाक लावून धाकट्याला शोधत होतात. "बघ, एवढी लहान मुलं रस्त्यावर आणलीत. धोका असता तर आणली असती का?" शेजारचे काका सोफ्यावर बसले होते. त्यांनी टोपी घातली आणि चहा तसाच टाकून गेले. मला आठवतं, मीही त्या क्षणी तुमच्यावर विश्वास ठेवला होता. कारण ठेवायचा होता. लहान मुलांना कुणी जाणूनबुजून अशा वाऱ्यात उभं करील, हे माझ्या डोक्यात बसेना.

मे निम्म्यावर आला तेव्हा तिकडचा सर्वोच्च नेता टीव्हीवर बोलला. शेजारच्या काकांकडं शॉर्टवेव्ह रेडिओ होता, तुम्ही ते भाषण मुळातून ऐकायला त्यांच्या घरी गेलात. परत आलात ते बूट न काढता आत आलात. तुमच्या हातून हे कधी झालं नव्हतं. मी विचारलं काय म्हणाला, तर तुम्ही एवढंच म्हणालात, "त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं." मग पलंगावर बसलात आणि आपले दोन्ही तळवे बघत राहिलात. म्हणालात, "मी त्याला रांगेत उभा केला." मी तुमच्याजवळ यायला हवं होतं, आले नाही, कारण मला वाटलं बरं झालं, कळलं एकदाचं. बाळाचा लंगोट बदलायचा होता, तो बदलत राहिले.

त्याच आठवड्यात तुम्ही पुन्हा फोन नोंदवलात. या वेळी खुर्चीत बसून बोललात आणि आत्या आजारी आहे वगैरे काही नाही, सरळ म्हणालात, "सगळं टाकून ये." धाकटा म्हणाला, आता कसा येऊ? तिकडच्या गावांतून माणसं भरून बसगाड्या येताहेत, मेडिकलच्या मुलांच्या हातात किरणं मोजायचं यंत्र देऊन त्यांच्याजवळ उभं केलंय. परदेशी मुलांना सक्ती नाही, पण मी नाव दिलं. "तुम्हीच म्हणालात ना बाबा, पाठ दाखवायची नाही." तुम्ही म्हणालात, मी चुकलो. फोनवर खरखर होती, त्याला ते ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. तो म्हणाला, "काळजी करू नका, आम्ही रोज केस धुतो."

त्यानंतर तुम्ही बाळाशी रशियनमध्ये बोलणं सोडलंत. लायब्ररीतून किरणोत्सर्गावरची पुस्तकं आणवलीत माझ्याकडून, आणि पोलादाच्या मिश्रणाचा अभ्यास करावा तसा अभ्यास केलात. हाडांत काय बसतं, गळ्याच्या ग्रंथीत काय बसतं, किती वर्षांनी उगवतं, मुलाबाळांत उतरतं की नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा कुणाकडंच धड नव्हतं, आणि तुमच्यासारख्या माणसाला 'माहीत नाही' हे उत्तर चालत नसे. तुम्ही त्याचा अर्थ 'हो' असा लावलात.

अठ्ठ्याऐंशीच्या थंडीत धाकटा डॉक्टर होऊन माझ्याकडं आला, इकडच्या परीक्षेला बसायला. तुम्हीही आलात. तो आला त्याच आठवड्यात मी त्याला लॅबमध्ये नेलं आणि स्वतः काच मायक्रोस्कोपखाली धरून त्याच्या पेशी बघितल्या. एकही वावगी नव्हती. घरी येऊन तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "आज नाही. पुढचं कोणी सांगावं?" धाकटा मात्र मजेत होता. उंच, बोलका, हसला की आईसारखा दिसायचा. कोलंबसजवळच्या डब्लिन गावातल्या एका मराठी कुटुंबानं त्याला गणपतीच्या फोटोसमोरच्या कुठल्याशा हळदीकुंकवात पाहिलं, म्हणजे बायका मला सोडायला आलेल्या धाकट्याला पाहत होत्या, आणि त्यांची मुलगी फार्मसी शिकत होती. इकडंच वाढलेली, मराठी समजायचं पण उत्तर इंग्रजीत. मधे एकदा दोघं ग्रोसरीच्या दुकानात भेटले आणि दोन तास पार्किंगमध्ये गाडीला टेकून बोलत राहिले, त्या गारठ्यात. घरी आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. मी त्याला चिडवलं, तो लाजला. बाबा, त्याला ती हवी होती. हे तुम्हालाही दिसत होतं.

रविवारी ती मंडळी पोह्यांना येणार ठरलं. मी आदल्या दिवशी तुमच्यासमोर हात जोडले. "बाबा, कीव्हचं काही काढू नका. लपवायला नाही सांगत. लग्न ठरू दे, तो स्वतः तिला सांगेल, दोघं मेडिकलची माणसं आहेत, त्यांचं ते बघतील." तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाही म्हणाला नाहीत. मी शेजारच्या काकांनाही मधे घातलं. त्यांची आई मधल्या काळात कीव्हमध्येच वारली होती, त्यांना कळलं ते पुरून झाल्यावर. ते तुमच्याशी बराच वेळ बोलले. नंतर तुम्ही मला सांगितलंत की त्यांचं म्हणणं, तेव्हा बोलायचं होतं ते बोलला नाहीत, आता गप्प बसायचं आहे तर बसा, मुलाचं भलं होऊ द्या. "आणि तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं. "मी म्हटलं, खेळा. तुमची चाल आहे."

ती मंडळी आली. काकू, म्हणजे मुलीची आई, जरीची साडी आणि वरून पार्का, तो टोपीचा जाड कोट, घालून, वडील टाय लावून. पोहे झाले, मुलांना आतल्या खोलीत बोलायला पाठवायचं म्हणून मी उठणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "इकडं राहून आम्ही अगदी मॉडर्न झालोय हो, पण पत्रिका तेवढी बघतो. एकुलती एक आहे ना."

"पत्रिका आम्ही केलेलीच नाही," तुम्ही म्हणालात. "पण तुम्हाला एक सांगायला हवं. माझा मुलगा शहाऐंशी साली कीव्हमध्ये होता."

"बाबा," मी म्हटलं.

तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. चेर्नोबिलपासून शहर किती जवळ, वारा कोणत्या दिवशी फिरला, मिरवणूक किती वेळ चालली, बसगाड्यांजवळ तो किती दिवस उभा होता, सगळं तुम्ही सांगितलंत, कारखान्यातल्या बैठकीत अपघाताचा अहवाल द्यावा तसं. कुठला कॅन्सर किती वर्षांनी होऊ शकतो ते सांगितलंत. "मुलंबाळं निकोप होतील याची खात्री मला देता येत नाही. त्यानं मला विचारलं होतं काय करू म्हणून. मी त्याला तिथं थांबायला सांगितलं. यात त्याचा काही दोष नाही."

धाकटा खाली मान घालून बशीतला शेवटचा शेंगदाणा चमच्यानं इकडून तिकडं ढकलत होता. मुलीनं त्याच्याकडं पाहिलं आणि सरळ त्यालाच विचारलं, "डू यू फील ओके?"

"आय ॲम फाइन," तो म्हणाला.

"यू लुक फाइन टू मी." मग वडिलांना म्हणाली, "डॅड, इट्स अ रिस्क. एव्हरीथिंग इज. कॅन वी ॲट लीस्ट टॉक?"

"चल गं, उशीर झाला. रस्त्यावर आइस होईल," काकू म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या, बाबा. निघताना त्यांनी धाकट्याच्या पाठीवरून हात फिरवला, आजारी माणसाच्या पाठीवरून फिरवतात तसा, आणि तेच मला सहन झालं नाही. मुलीचे वडील दारात तुमच्याशी हात मिळवून म्हणाले, "प्रामाणिकपणे सांगितलंत, फार थँक्स. आम्ही कळवतो."

कळवतो. आपल्याकडं या शब्दाचा अर्थ काय होतो ते पाचवीतल्या पोरालाही ठाऊक असतं. तिनं नंतर दोनदा फोन केला. धाकटा तिला म्हणाला, आईवडिलांना दुखवू नकोस. तो तुमचाच मुलगा.

ते गेल्यावर मी काय काय बोलले ते सगळं मला आठवत नाही. एवढं आठवतं की मी म्हटलं, "तिकडच्यांनी त्याला एकदा मारलं असेल नसेल, तुम्ही आज नक्की मारलंत." तुम्ही खुर्चीतून उठला नाहीत. "बेटा," तुम्ही म्हणालात, "त्या मुलीचा बाप आज जिथं बसला होता तिथं मी शहाऐंशीत होतो. आपलं मूल कुणाच्या हवाली करतोय हे त्याला विचारायचं होतं. मला जर तेव्हा कोणी खरं सांगितलं असतं तर मी पोराला परत आणलं असतं. मग मी त्याच्याशी गप्प बसू? ज्यांनी मला फसवलं त्यांच्यासारखं?" धाकटा स्वयंपाकघरात बश्या विसळत होता. पाण्याचा आवाज करत होता, मुद्दाम.

तुम्ही आधी परत गेलात, तो परीक्षेसाठी मागं राहिला. निघायच्या दिवशी शेजारचे काकाही आले आणि आपण सगळे बॅगांजवळ मिनिटभर गप्प बसलो. मी तुम्हाला गाडीनं विमानतळावर सोडलं. दोघंच होतो. चेक-इनच्या रांगेत तुम्ही एकाएकी म्हणालात, "त्याला सांग, एकदा तरी माझ्याशी भांड म्हणावं. मी काहीही केलं तरी बरं बाबा म्हणतो आणि ताट उचलून जातो. शिव्या दे म्हणावं. मला बरं वाटेल." मी म्हटलं, "तुमचं तुम्ही सांगा." आणि तुमची बॅग वजनकाट्यावर ठेवली.

धाकटा परीक्षा पास झाला, पण इकडं राहिला नाही. बाबा एकटे आहेत म्हणाला आणि भिलाईला आला. मग तिथं तुम्ही काय केलंत ते मला मावश्यांच्या पत्रांतून कळत गेलं. नागपूरचं एक स्थळ, दुर्गचं एक, अमरावतीचं एक, प्रत्येक वेळी पोहे आणि प्रत्येक वेळी तुमचं ते वाक्य. शेवटी मध्यस्थ यायचे बंद झाले. धाकट्यानंच एक दिवस सांगितलं, मला लग्न करायचंच नाही, तुम्ही त्रास करून घेऊ नका. दर महिन्याला तुम्ही त्याला रक्त तपासायला घेऊन जायचात, तो स्वतः डॉक्टर, तिशीही नव्हती त्याची, तरी हात पुढं करून बसायचा. रिपोर्ट नॉर्मल आला की तुम्ही अजून खचायचात, असं तो सांगतो. जे येणार आहे ते अजून यायचंय, असं तुम्हाला वाटायचं. मग तुमचंच हृदय थांबलं. रशिया मोडायच्या आधी गेलात, एवढं एक बरं झालं. आता तर तुमच्या त्या पोलादाच्या गावावर रशियाचेच बाँब पडतात. तुमचा उस्ताद केव्हाच गेला असेल, पण त्याची नातवंडं तळघरात बसत असतील, आणि कीव्ह पुन्हा रोज टीव्हीवर असतं. मी इकडंच, अमेरिकेतल्या अल्फारेटाला लेकीकडं राहते. तिला हे सगळं माहीत आहे, म्हणजे ती जन्मली त्या महिन्यातली गोष्ट म्हणून माहीत आहे. मामानं लग्न का केलं नाही असं तिच्या मुलानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ही जस्ट लाइक्स हिज स्पेस." मी दुरुस्त केलं नाही.

फोनवर धाकटा कधी कधी तुमचा विषय काढतो. म्हणतो, "ताई, बाबांनी केलं ते बरोबरच होतं. कुणीतरी खरं बोलायलाच हवं होतं." मी हो म्हणते. तुम्ही विमानतळाच्या रांगेत मला जे सांगितलंत ते मी त्याला कधीच सांगितलं नाही. आधी रागानं, मग तुम्ही गेलात म्हणून, आणि आता या वयात त्यानं कुणाशी भांडावं? आणि ते हो म्हणणंही खोटं आहे. तुम्ही बरोबर होतात हे मला कळतं, बाबा, तुमच्या जागी बसून पाहिलं की शब्दन्‌शब्द पटतो. पण तो एकटा खिचडी खातो. तुम्ही त्या रविवारी गप्प बसायला हवं होतं. खोटं बोलायला हवं होतं, आत्याच्या नावानं, आईच्या नावानं, कुणाच्याही. हे मी आजवर कुणाला बोलून दाखवलेलं नाही. मेलेल्या माणसाला पत्र पाठवता येत नाही हे मला समजतं, पण येत असतं तरी हे मी टाकलं नसतं. तुमच्या हाती पडल्याबरोबर तुम्ही ते धाकट्याला वाचून दाखवलं असतंत.